न्हाणीघराची आतली कडी

शुक्रवार, १० मे १९९१. सकाळी साडेआठ.

हजर: सासूबाई, वायरमन मिस्त्री, मी. उशिरा हजर: हे. त्यांना पाच किलो जाडं मीठ आणायला पाठवलं होतं, आणि वाण्याने लोणच्याची चौकशी करत त्यांना थांबवून घेतलं. गैरहजर: वीज. मेन स्विच मी स्वतः खाली ओढला होता आणि कुणी चुकून वर करू नये म्हणून त्याला सुतळी बांधली होती.

मी शाळेच्या कचेरीत कामाला होते. दुसऱ्यांच्या हजेऱ्या मांडून मांडून घरच्या कामाचीही पहिली ओळ हजेरीची लिहायची सवय लागली होती. मे महिन्याच्या सुट्टीतलं काम एकच होतं, सगळ्या घराची वायरिंग बदलणे. त्याचे मी एकोणीस भाग पाडले होते. पहिले पंधरा राहत्या घराचे. सोळा: स्वयंपाकघरापासून न्हाणीघरापर्यंत लाइन वाढवणे. सतरा: न्हाणीघरात दिवा. अठरा: न्हाणीघरात बेल. एकोणीस: न्हाणीघराची आतली कडी परत बसवणे.

एकोणिसावा भाग विजेचा नव्हता. तो सासूबाईंनी लिहायला लावला होता.

आमचं न्हाणीघर घराच्या मागे, आठ फूट मोकळी जागा सोडून होतं. भिवंडीत वीज आली तेव्हा सासऱ्यांनी ती स्वयंपाकघरापर्यंत आणून थांबवली. पुढे न्यायला ते तयार नव्हते. अंघोळ ही दिसायची गोष्ट नव्हे, असं त्यांचं म्हणणं होतं. तेव्हा न्हाणीघराला झरोका होता, त्यामुळे चालून गेलं. मग मागच्या बाजूला कापड विणायच्या लूमचा कारखाना झाला, त्याची भिंत वर चढली आणि झरोक्यासमोर उभी राहिली. तेव्हापासून न्हाणीघरात सकाळी सातला आणि दुपारी बाराला सारखाच अंधार. आम्ही मेणबत्ती नेत असू. तिच्यावर पाणी उडालं की पुढची अंघोळ अंदाजाने.

त्या वर्षी फेब्रुवारीत सासूबाई आत घसरून पडल्या. दाराला आतून कडी होती. त्यांनी हाका मारल्या, पण मागचे लूम चालू असले की न्हाणीघरातली हाक आठ फुटांवरच्या स्वयंपाकघरात पोचत नाही. मी स्वयंपाकघरातच होते. त्यांच्या अंघोळीनंतरचा चहा मी गाळून ठेवत असे. तो गार झाला म्हणून परत गरम केला, आणि दुसऱ्यांदा गार झाला तेव्हा मला शंका आली. ह्यांनी कारखान्यातून एक लांब लोखंडी पट्टी आणली, दाराच्या फटीतून घालून कडी उचलली. सासूबाईंचं उजवं मनगट मोडलं होतं. आम्ही दार उघडल्यावर त्या पहिलं वाक्य बोलल्या ते असं: "आधी ह्याला बाहेर काढ, मग मला लुगडं दे."

त्याच संध्याकाळी मी कडी काढली. चार स्क्रू. कडी आणि स्क्रू चहाच्या रिकाम्या डब्यात घालून डब्यावर चिठ्ठी चिकटवली.

प्लॅस्टर निघालं तरी कडी डब्यातच राहिली. सासूबाई अंघोळीला गेल्या की मी बाहेर स्टूल टाकून, दाराकडे पाठ करून बसायची. दार चार बोटं उघडं. सत्तर वर्षांच्या बाईने आयुष्यात कधी कुणाकडून पाठसुद्धा घासून घेतली नव्हती.

"तुरुंगातसुद्धा अंघोळीला पोलीस बसवत नसतील," त्या आतून म्हणायच्या.

"मी बघत नाहीये, आई."

"बघत नाहीस, पण ऐकतेस ना. किती तांबे झाले ते विचारलं तर सांगशील."

मला खरोखर सांगता आलं असतं.

एप्रिलमध्ये मी त्यांना म्हटलं, न्हाणीघरात दिवा येऊ दे, मदतीला बोलवायची बेल येऊ दे, मग कडी लावू. त्या म्हणाल्या, "तोंडी नको. तुझ्या वहीत लिही." मी लिहिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि पेन्सिलीने शेजारी बरोबरची खूण करायला गेल्या. खूण काम झाल्यावर करायची असते, हे मला सांगावं लागलं.

शुक्रवार निवडला कारण दुसरा वार नव्हताच. भिवंडीत शुक्रवारी लूम बंद. बाकीचे सहा दिवस चांगला वायरमन कुठल्यातरी कारखान्यात मोटारीखाली आडवा पडलेला असतो. आमचे मिस्त्री इथलेच जुने, पंचावन्नच्या पुढचे. पंचवीस वर्षं लूमच्याच लाइनी जोडल्या. घरातलं काम ते ओळखीखातर करत आणि करताना घराला किंचित कमी लेखत. दोन शुक्रवारांत त्यांनी पहिले पंधरा भाग उरकले होते. जुन्या लाकडी पट्ट्या उतरल्या, कापडी वेष्टणाच्या वायरी हातात येताच भुगा झाल्या, आणि माजघरातल्या बोर्डात वाळलेली एक पाल निघाली. "ही तुमची फ्यूज," मिस्त्री म्हणाले.

त्या दिवशी सोळापासून सुरुवात होती. आधी मिठाचं काम. मोकळ्या जागेच्या कोपऱ्यात हात-दीड हात रुंद आणि बराच खोल खड्डा केलेला होता. अर्थिंगची पट्टी त्यात उभी करून भोवती कोळसा आणि मीठ भरायचं होतं.

सासूबाईंनी पिशवी उघडून बघितली. "एवढं मीठ पुरायचं? कुणाच्या वाईटावर आहात?"

"आजी, करंट भरकटला तर तो या खड्ड्यात जाणार, तुमच्यात नाय," मिस्त्री म्हणाले. "आणि उन्हाळाभर रोज एक बादली पाणी घालायचं. सुकला तर काम नाय करत."

"म्हणजे तुळशीसारखं."

"तुळशीसारखंच समजा. फक्त हात नाय लावायचा."

सासूबाईंनी त्या दिवसापासून खड्ड्याला पाणी घातलं ते कधी चुकवलं नाही. तुळशीला मी घालत असे.

मग स्वयंपाकघराच्या बोर्डावरून नवी लाइन काढली, भिंतीला पाइप मारला, आणि आठ फुटांच्या मोकळ्या जागेवरून जाड तार ताणून तिच्या आधाराने वायर पलीकडे नेली. सासूबाईंनी तार बघितली आणि वाळत घालायला किती लुगडी मावतील याचा अंदाज घेतला. मी वहीत "तारेवर कपडे नकोत" असं लिहून त्यांना वाचून दाखवलं.

साडेबाराला मिस्त्री नमाजाला गेले, अडीचला परत आले. येताना पिशवीत धामणकर नाक्यावरून घेतलेला बल्बचा होल्डर होता आणि एक जड लोखंडी पेटी होती. पेटीवर दोन बटणं, एक हिरवं आणि एक लाल, प्रत्येक रुपयापेक्षा मोठं.

"हे काय?" मी विचारलं. यादीत नव्हतं.

"स्टार्टर. लूमच्या मोटारीचा. जुना आहे पण एकदम ओके."

"दिव्याला?"

"बाई, पाण्याची जागा आहे. साधा खटका दोन वर्षांत गंजतो. हा बाहेर भिंतीवर राहील. हिरवं दाबलं चालू, लाल दाबलं बंद. आजींना मेणबत्तीशिवाय दिसेल. लाइट पण ह्याच्यावर, बेल पण ह्याच्यावर. आख्खं न्हाणीघर एका बोटावर."

"मी काय लूम आहे?" सासूबाई म्हणाल्या.

"लूमला इतका चांगला नाय देत, आजी."

युक्तिवाद मला पटला. गंज, मोठी बटणं, एकच ठिकाण. मी वहीत स्टार्टर लिहिला. आज इतकंच म्हणते की लिहिताना मी एक प्रश्न विचारायला हवा होता आणि विचारला नाही.

बेलवरून अर्धा तास गेला. मिस्त्रींना कारखान्यात शिफ्ट सुटताना वाजते ती घंटा लावायची होती, म्हणजे लूमच्या आवाजातही ऐकू जाईल.

"मी अंघोळीला बसले हे पार शेलार गावापर्यंत कळवायचंय का?" सासूबाईंनी विचारलं.

शेवटी साधी, पण जरा मोठ्या आवाजाची बेल स्वयंपाकघरात माझ्या डोक्यावर लागली. न्हाणीघरात तिचा खटका वर तुळईला, पाण्यापासून लांब, आणि त्यातून लोंबणारी सुती दोरी. दोरीचं टोक पाटावर बसल्या बसल्या हाताला लागेल इतकं खाली. सासूबाई पाटावर बसल्या, मिस्त्रींनी दोरी कापली. सहा वाजता मी सुतळी सोडून मेन स्विच वर केला. सासूबाईंनी हिरवं बटण दाबलं. स्टार्टर "खट्" वाजला आणि न्हाणीघर दिसलं.

ते आम्ही तिघांनी दारात उभं राहून बघितलं. भिंती हिरव्या होत्या. आम्हाला पांढऱ्या वाटत होत्या.

"आता कडी," सासूबाई म्हणाल्या.

मी म्हटलं, आधी आठ दिवस चाचणी, मग कडी. वहीत अठराच्या खाली १८-अ लिहिलं.

"काल हे नव्हतं."

"आज सुचलं."

"सरकारी नोकरीत जायला हवं होतंस तू," त्या म्हणाल्या. पण त्या खुशीत होत्या. दुसऱ्या दिवशी मी स्टूलवर बसायचं नाही, स्वयंपाकघरात राहायचं आणि दार पूर्ण लोटलेलं असेल, एवढं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं.

शनिवारी सातला दहा मिनिटं असताना त्या आत गेल्या. हिरवं बटण दाबल्याचा आवाज मी ऐकला. दार लोटलं गेलं. मी स्वयंपाकघरात बेलखाली उभी राहून पोळ्या लाटत होते. स्टूल मुद्दाम माजघरात नेऊन ठेवलं होतं.

सातला कारखान्याची घंटा झाली. आधी मागचे लूम सुरू झाले, मग शेजारच्या गल्लीतले, मग सगळेच. दिवसभराच्या बंदनंतर शनिवारी सकाळी सगळं गाव एकदम सुरू होतं. माझ्यासमोरचा बल्ब पिवळा होऊन मावळल्यासारखा झाला आणि क्षणभराने परत वर आला. हे आमच्याकडे रोजचं होतं, मी लक्षही दिलं नसतं. पण त्याच क्षणी बाहेरच्या भिंतीवर "खट्" झालं.

मी वर बघितलं. बल्ब चालू होता. बेल गप्प होती. मी पोळी तव्यावर टाकली. मग दारातून डोकावले तर न्हाणीघराच्या दाराखालची उजेडाची रेघ नव्हती.

लाटणं कुठे टाकलं ते मला नंतर ह्यांनी सांगितलं. टॉर्च घेतली, आठ फूट गेले आणि दार ढकललं.

सासूबाई पाटावर बसल्या होत्या. डाव्या हाताने भिंत धरली होती, उजव्या हातात तांब्या. टॉर्चचा झोत पडला तसा त्यांनी तांब्या अंगावर ओतला.

"कुणी बोलावलं तुला?"

"लाइट गेली, आई."

"मला कळलं. दार लाव."

"बेल वाजवायची होती ना."

"कशाला वाजवू? मला काय झालंय? दार लाव म्हणते."

मी टॉर्च तुळईकडे फिरवली, ती खटका तपासायला. दोरी हलत होती. तिच्या टोकाला मूठभर उंचीपर्यंत साबणाचा फेस लागला होता.

मी दार लावलं. बाहेर येऊन हिरवं बटण दाबलं. मग दाराशी उभी राहिले, स्टूल नव्हतं म्हणून. फेसाबद्दल मी बोलले नाही. त्याही बोलल्या नाहीत. चहा घेताना त्यांनी माझ्या पोळीची चौकशी केली, ती जळली होती.

पुढचे पाच दिवस सातच्या ठोक्याला न्हाणीघर विझलं. आधी अंघोळ उरकायचं म्हटलं तर पावणेसातच्या आत गरम पाणी होत नव्हतं, आणि सातनंतरही दिवसातून पाच-सहा वेळा विजेचा दाब पडे. सासूबाईंनी स्टूल परत आणायला परवानगी दिली नाही. मी टॉर्च घेऊन उभी राहत असे, आणि खट् झालं की हिरवं बटण दाबत असे. ह्यांनी एकदा मला ते करताना बघितलं आणि विचारलं, "ड्युटी किती वाजेपर्यंत?"

पुढच्या शुक्रवारी मिस्त्री आले. हिरवं दाबलं, दिवा लागला. दोरी ओढली, बेल वाजली. अर्धा तास थांबले. काही विझलं नाही.

"चालू तर आहे, बाई."

"आज शुक्रवार आहे."

"मग?"

"मग लूम बंद आहेत. आपण बसवलं तेव्हाही शुक्रवार होता."

मी म्हटलं, कामाच्या दिवशी सकाळी सातला येऊन बघा. ते म्हणाले की कामाच्या दिवशी सकाळी सातला वायरमन कुणाच्या घरी जात नसतो, तेव्हा त्याला चार शेठ एकदम हाका मारत असतात. मी वहीत सोमवार, सहा पन्नास लिहिलं आणि त्यांना दाखवलं. आले. आत कुणी नव्हतं, फक्त दिवा चालू. सासूबाई दुधाच्या पातेल्याजवळ उभ्या राहून बघत होत्या. सात वाजले, लूम सुरू झाले, बल्ब मावळला, खट्.

मिस्त्रींनी हिरवं बटण दाबलं, दिवा लागला.

"स्टार्टर चुकला नाय, बाई," मग म्हणाले. "त्याचं कामच ते. विजेचा दाब पडला की तो सुटतो आणि पुन्हा दाबल्याशिवाय लागत नाय. कारागिराचा हात लूममध्ये असला आणि वीज अचानक परत आली तर हात जाईल. म्हणून तसा बनवलाय. पंचवीस वर्षं मी तोच लावतो."

"म्हणजे मला वाचवायलाच अंधार केला त्याने," सासूबाई म्हणाल्या.

"माफ करा, आजी. डोक्यात लूमच बसलाय."

"असू दे. माझ्याही डोक्याशी रोज तेच वाजतं."

हाच तो न विचारलेला प्रश्न: वीज जाऊन आली तर काय? रोज जाते-येते अशा गावात राहून आम्हा तिघांपैकी एकालाही तो सुचला नाही.

मिस्त्री त्या दिवशी कामावर तासभर उशिरा गेले. स्टार्टर उतरवला, त्याच्या जागी दाराबाहेर साधा खटका बसवला आणि त्याच्यावर पावसापासून पत्र्याचं झाकण ठोकलं. बेल घरच्या विजेवरून काढून टॉर्चच्या सेलवर चालणारी दुसरी लावली, म्हणजे गावात वीज असो नसो, ती वाजणार. सोळा, सतरा, अठरा, तिन्हींवर मी खूण केली.

१८-अ, आठ दिवस चाचणी. दिवा रोज टिकला. सातला मावळायचा आणि परत यायचा. तिसऱ्या दिवशी बेल वाजली. मी पोचले तेव्हा दाराआडून आवाज आला, "साबण संपलाय." पाचव्या दिवशी परत वाजली. "काही नाही. वाजते का बघत होते." त्याच दुपारी त्यांनी मला, सहज म्हणून, सेल किती महिने टिकतात ते विचारलं. मी म्हटलं, मी दर महिन्याला बदलीन, वहीत लिहिलंय. त्यांनी वही मागून ते पान बघितलं.

आठ दिवस झाले. १८-अ वर खूण केली.

"आता?" सासूबाई म्हणाल्या.

मी डबा काढला. कडी होती, चारही स्क्रू होते. दारावर लावून बघितली तर जुनी भोकं सैल झाली होती, स्क्रू फिरत होते पण धरत नव्हते. सुतार लागेल, असं मी म्हणाले. सुतार आमच्यापासून तिसऱ्या घरात राहतो. सुट्टी संपली, शाळा उघडली, प्रवेशाची गडबड आली. जुलैत पावसाने दार फुगलं. फुगलेल्या दाराला कडी बसवून उपयोग नाही, ते सुकलं की जागा बदलते. दिवाळीत सुतार गावी गेला. हे सगळं खरं आहे आणि वहीत तारखांसह आहे.

सासूबाईंनी पहिले काही आठवडे विचारलं, मग विचारणं बंद केलं. त्याऐवजी एक दिवस न्हाणीघरातून काहीतरी घासत ओढल्याचा आवाज आला. मी दाराला बोट लावून बघितलं, ते हललं नाही. त्यांनी पाण्याने भरलेली मोठी लोखंडी बादली आतून दाराला लावून ठेवली होती. त्या बादलीतलं पाणी अंगावर घेत नाहीत, ते खास दारासाठी. अंघोळ झाली की तीच बादली अर्थिंगच्या खड्ड्यात रिकामी करतात.

दोन्ही हातांनी जोर लावला तर ते दार उघडतं. मी एकदा, त्या बाजारात गेलेल्या असताना, बादली भरून ठेवून करून बघितलं आहे. त्यांनाही ते माहीत असावं, कारण बादली त्या काठोकाठ भरत नाहीत.

याला आता चार वर्षं होतील. दर जानेवारीत नवी वही काढते आणि जुन्या वहीतलं बाकी राहिलेलं काम पहिल्या पानावर उतरवते. १९९१ च्या वायरिंगमधलं एकच उतरतं, नंबरही तोच ठेवला आहे. एकोणीस: न्हाणीघराची आतली कडी परत बसवणे. डबा कपाटात, वरच्या फळीवर, डावीकडे. सुतार तिसऱ्या घरात.